लव्हाळा ओळखायला शिका: सातारा-सांगलीकडच्या नवशिक्यांसाठी, उसाच्या सरीपासून कासच्या डबक्यापर्यंत

आमच्या पलूस-वाळवा भागात लव्हाळा म्हटलं की माणसाला पहिली आठवते ती भांगलण. ऊस असो, हळद असो नाहीतर सोयाबीन, हराळी, कुंदा आणि लव्हाळा हे तीन ठरलेले वैरी. दिसला की खुरपं, त्यामुळं लव्हाळ्याकडं कुणी निवांत बसून बघतच नाही. लग्नानंतर काही वर्षं मी पण तेच केलं. नंतर नोकरीसाठी साताऱ्याला आले, सुट्टीच्या दिवशी कास, कण्हेर, मायणी अशी भटकंती सुरू झाली आणि तिथं तळ्याच्या काठाला, कातळावरच्या डबक्यात, भाताच्या खाचरात सगळीकडं ह्याचेच भाऊबंद दिसायला लागले. ह्या कुळात जगभर साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पाय ओले ठेवायला आवडतात.

मला ह्या लेखात मुख्य सांगायचंय ते हे, की लव्हाळे ओळखता यायला लागले की जमिनीतलं पाणी दिसायला लागतं. कुठं पाणी अडलंय, कुठून पाझरतंय, किती दिवस साचून राहतं, हे कुठली जात कुठं उभी आहे त्यावरून कळतं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली, तुम्हाला एका पावसाळ्यात जमावं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी नावाचा घोळ मिटवू

शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणतो, तोच औषधाच्या दुकानातला नागरमोथा, आयुर्वेदातली मुस्ता. शास्त्रीय नाव सायपरस रोटुंडस, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. पण गावाकडं ओढ्यातल्या, तळ्यातल्या तसल्याच दिसणाऱ्या सगळ्यांना पण लव्हाळा, लव्हाळी असंच म्हणतात, म्हणजे एकच शब्द एका जातीला पण आणि अख्ख्या कुळाला पण. मी पुढं शेतातल्याला 'नागरमोथा' म्हणेन आणि सगळ्यांना मिळून 'लव्हाळे', म्हणजे गोंधळ नको. अजून एक, दुकानात नागरमोथा म्हणून जी वाळलेली मुळं मिळतात ती बऱ्याचदा ह्याच्याच दुसऱ्या भावाची, सायपरस स्कॅरिओससची असतात, त्यामुळं दुकानातला तुकडा आणि शेतातली गाठ अगदी सारखी दिसली नाही तर आपलं चुकलं असं समजू नका.

पायरी १: गवत का लव्हाळा, हे बोटांनी ठरवा

डोळ्यांनी नाही, बोटांनी. तुऱ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरा आणि हळू फिरवा. गवताचा दांडा गोल असतो, सुरळीत फिरतो. नागरमोथ्याचा दांडा तीन ठिकाणी अडतो, कारण तो तिधारी आहे. नखानं आडवा कापून बघा, त्रिकोण दिसेल आणि आत भरीव पांढरा गर.

दुसरी खूण आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात सोपी. ऊस डोळ्यासमोर आणा. ऊस म्हणजे गवतच, त्याला पेरं असतात, कांडी असतात. ज्वारीच्या ताटाला तसंच, हराळीला तसंच. लव्हाळ्याच्या दांड्याला मात्र बुडापासून तुऱ्यापर्यंत एकही पेर नाही, सरळ सलग वर जातो. हात फिरवून कुठं गाठ लागली तर ते गवत, सोडून द्या.

तिसरी खूण वरून बघायची. रोपाच्या डोक्यावर वाकून खाली बघा. उसाची पानं एक डावीकडं एक उजवीकडं अशी दोन ओळीत निघतात, पंख्यासारखी. लव्हाळ्याची पानं तीन दिशांना निघतात, तिपाईच्या पायांसारखी. आणि पान जिथं दांड्याला गुंडाळलंय तिथं गवतात ते कोटाच्या पुढच्या भागासारखं उघडं असतं, एका बाजूनं सोलून काढता येतं. लव्हाळ्यात ते बंद नळीसारखं असतं, सोलायला गेलं की फाटतं. भिंग असेल तर बघा, गवतात पानाच्या ह्या जोडावर बारीक पापुद्रा किंवा केसांची झालर असते, ती जिभली, आणि लव्हाळ्यात ती शक्यतो नसते.

ह्या तीनपैकी शक्यतो दोन खुणा तरी जुळाव्यात. एकावर विसंबू नका, कारण पाण्यातल्या काही लव्हाळ्यांचा दांडा चक्क गोल असतो आणि त्यांना पानं पण नसतात, त्यांच्याविषयी पुढं सांगते.

पायरी २: फसवणारे बाजूला काढा

पाण्याकाठी उभं राहिलेलं सगळंच लव्हाळा नसतं. ते उंच, तपकिरी काकडीसारखं कणीस असलेलं पाणकणीस, ज्याला रामबाण पण म्हणतात, ते वेगळ्या कुळातलं. नदीकाठचा बांबूसारखा दिसणारा, झुपकेदार तुऱ्याचा देवनळ हे गवत, पेरं मोजून घ्या. वाळा पण गवतच, मुळाला सुगंध आहे म्हणून तो नागरमोथ्याचा नातेवाईक होत नाही. कासवर पांढऱ्या बटणासारखी गोल फुलं हजारोंनी दिसतात ती गेंदाची, त्यांचा दांडा बारीक आणि बिनपानाचा, म्हणून नवीन माणूस हमखास फसतो. पण गेंदाचं डोकं टोकावर एकच, पांढरं आणि मण्यासारखं गोल, आणि पानं सगळी बुडाशी चांदणीसारखी पसरलेली.

घरासमोरच्या कुंडीत, हॉटेलच्या कारंज्यापाशी छत्रीसारखी पानं असलेलं जे झाड लावतात ते मात्र खरंच लव्हाळाच आहे, मूळचं आफ्रिका-मादागास्करकडचं. इजिप्तचा पपायरस, ज्याच्या पट्ट्यांवर लोक हजारो वर्षांपूर्वी लिहायचे, तो पण ह्याच सायपरस घराण्यातला. शिकायला ही कुंडीतली छत्री लय चांगली, घरबसल्या तिधारी-भरीव सगळं तपासता येतं. फक्त कुंडी बदलताना उरलेलं बूड ओढ्यात टाकू नका, तिथं जगलं तर आपल्या जातींची जागा खाईल.

पायरी ३: खणून बघा, इथंच खरं शिक्षण आहे

लव्हाळ्यांचे दोन प्रकार पडतात, वर्षाचे आणि बारमाही. भाताच्या खाचरात पिवळसर तुऱ्याचा सायपरस इरिया आणि गोळ्यागोळ्यांच्या तुऱ्याचा सायपरस डिफॉर्मिस असतो, हे दोन्ही वर्षाचे. ओढलं की मूठभर केसाळ मुळांसकट अलगद हातात येतात, खाली काही राहत नाही, बी पाडून मरून जातात. बारमाही वेगळे. ते जमिनीत घर करून राहतात.

मला हे आमच्या आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या भांगलणीला मी सरीत बसून पटापट लव्हाळा ओढत होते, पुढं पुढं जात होते, आणि मनातून खूश होते की माझी सरी सगळ्यांच्या पुढं चाललीय. आत्ती मागून आल्या, माझ्या सरीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं वडू नगंस, खाली जा. वडला की शेंडा येतो, गाठ ऱ्हाती." मग त्यांनी खुरप्याचं टोक रोपाच्या बाजूला तिरकं घालून माती उचलली. रोपाच्या बुडाशी एक फुगीर गाठ, तिच्यापासून तारेसारखं बारीक काळं मूळ आडवं गेलेलं, वीतभर गेल्यावर दुसरी गाठ, तिच्यापासून अजून एक फाटा खोल गेलेला आणि त्याला तिसरी. जपमाळेसारखी. बाहेरून काळपट तपकिरी, केसाळ, हरभऱ्याएवढी ते बोराएवढी. त्यांनी एक गाठ नखानं तोडून माझ्या नाकापाशी धरली आणि वास आला तो थेट दिवाळीच्या उटण्याचा. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की आपण ज्याला शिव्या देत भांगलतो तोच पहाटे अंगाला लावतो.

तुम्ही पण हे एकदा करा. स्वतःच्या शेतात, परसात, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या बांधावर परवानगी घेऊन. एकच रोप निवडा, खुरप्यानं बाजूची माती मोकळी करत जा, मूळ तुटू देऊ नका, आणि माळ कुठपर्यंत जाते ते बघा. अर्धा तास जाईल. पण बारमाही म्हणजे काय हे ह्याच्याइतकं नीट दुसऱ्या कशानं कळत नाही. ह्या माळेत एक गंमत आहे, माळ अखंड असेपर्यंत टोकाकडची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, सगळ्या एकदम उगवत नाहीत. माळ तुटली की प्रत्येक गाठ सुटी होते आणि प्रत्येकीला कोंब येतो. म्हणून ओल्या रानात रोटर मारला की पंधरा दिवसांनी रान आधीपेक्षा हिरवंगार दिसतं आणि माणूस डोक्याला हात लावतो.

शेतकरी वाचत असतील म्हणून थोडं इथंच सांगते, हा लेख तण मारण्याचा नाही तरी. नागरमोथ्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, कडक वाळवण आणि सावली. एप्रिल-मेमध्ये नांगरट करून ढेकळं उन्हात पडू दिली की वर आलेल्या गाठी वाळून मरतात, पण मध्येच वळीव झाला तर परत नांगरायची तयारी ठेवा. आणि तो ऊस, ज्वारी, मक्यासारखाच उन्हाचा जोरदार वापर करणारा आहे, सी-फोर पद्धतीचा, उसाची दाटी होऊन सरीत अंधार पडला की त्याची ताकद जाते. म्हणून लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने जपायचे. मल्चिंग पेपरवर भरवसा ठेवू नका, त्याचा कोंब सुईसारखा असतो, पेपर भोकसून वर येतो, मी टोमॅटोच्या बेडवर ते बघितलंय. रोपाला पाच-सहा पानं फुटायच्या आत दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहिलं की गाठीतला साठा संपत जातो. चिकाटीचं काम आहे.

पायरी ४: कुठं शोधायचं

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण जागा कळली की निम्मी ओळख झाली.

पहिली जागा तुमच्या पायाखाली: पाटाची कड, सरीचं टोक, बोअरच्या पाईपला गळती आहे तिथं, घरामागं मोरीचं पाणी जातं तिथं. नागरमोथा इथं हमखास मिळेल, तुरा तांबूस-जांभळट तपकिरी, त्याच्याखाली दोन-चार लांब पानं, पानांचा रंग गडद हिरवा आणि तकतकीत. तो कोरडवाहूत पण जगतो, पण ओल मिळाली की त्याची माजोरी वाढ बघण्यासारखी असते.

दुसरी जागा क्षारपड रानं. मिरज, वाळवा, पलूसच्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाटानं भरमसाठ पाणी दिलं, निचरा झाला नाही, खालची पाणीपातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षार पण वर आले. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं मिठासारखं फुटतं, ऊस खुरटतो. अशा रानाकडं मार्चमध्ये बघा. आजूबाजूला सगळं पिवळं पडलेलं असताना एखादा पट्टा हिरवाच असतो आणि जवळ गेल्यावर तिथं लव्हाळे, पाणकणीस, कडेला वेडी बाभळ असं दिसतं. तिथं खड्डा घेतला की दोन-अडीच फुटावर पाणी लागायची शक्यता खूप. आमच्या एका नातेवाइकांच्या रानात असंच झालं, उसात एका कोपऱ्यात तीन वर्षं लव्हाळा वाढत होता, सगळ्यांनी तणनाशकाचा खर्च केला, कुणी विचारलं नाही की त्याच कोपऱ्यात का. वरच्या अंगाच्या पाटातून पाझर येत होता. चर काढून पाणी ओढ्याला काढून दिलं आणि मग कुठं रान वाफशावर यायला लागलं. लव्हाळा तीन वर्षं सांगत होता, ऐकलं कुणी नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तेवढ्यात जमीन खराब झाली ती झालीच.

तिसरी जागा ओढा आणि नदीकाठ. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावून येते, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, ब्रह्मनाळपाशी येरळा, हरिपूरला वारणा, म्हणजे आपल्याकडं संगमांची कमी नाही आणि प्रत्येक संगमाला गाळाचा काठ असतो. गाळाच्या काठाला बारमाही लव्हाळ्यांची मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की खुरपं आत जात नाही, आणि त्यामुळंच तो काठ धरून राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर आमच्या मळीच्या रानात ऊस चिखलात आडवा पडून कुजत होता, बांधावरची दोन जुनी झाडं मुळासकट गेली होती, सगळ्यावर बोट-दोन बोटं गाळ, वास तर विचारू नका. पंधरा दिवसांनी त्या गाळातून पहिलं हिरवं टोक वर आलं ते लव्हाळ्याचं. पुरात झाडं जातात आणि लव्हाळा राहतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण मान वाकवली म्हणून वाचला ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी मातीखाली आहे, शेंडा कुजला तरी गाठीत साठा शिल्लक होता. पाण्यातल्या काही जातींचा दांडा आडवा कापून बघा, आत स्पंजासारख्या पोकळ्या दिसतात, त्यातून हवा खाली मुळांपर्यंत जाते, म्हणून चिखलात मूळ गुदमरत नाही.

नदीकाठी जाताना एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ ह्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून झाडं बघत बसायचं नाही, एकटं तर अजिबात नाही. गावातल्या माणसाला आधी विचारा. तुम्हाला दिसायला पाहिजेत ते लव्हाळे ओढ्यावर, शेततळ्यावर पण मिळतात.

चौथी जागा तळी. खटाव तालुक्यात मायणीचं तळं, येरळवाडीचं धरण, साताऱ्याजवळ कण्हेर. पाऊस संपल्यावर पाणी जसं मागं सरकतं तसे काठावर पट्टे पडतात, आणि पट्ट्यागणिक जात बदलते. कोरड्या काठावर नागरमोथा आणि फिम्ब्रिस्टायलिस (बारीक तपकिरी कणसांचे लव्हाळे, पायरी ५ बघा), ओल्या चिखलात उंच सायपरस, छातीएवढा वाढणारा, सोनेरी तपकिरी मोठ्या तुऱ्याचा सायपरस एक्झाल्टेटस मिळाला तर थांबून बघा, देखणा असतो. घोटाभर पाण्यात बिनपानाचे दांडे. काठापासून आत पाण्याकडं सरळ रेषेत वीस पावलं चाला, दर दोन पावलांवर काय उगवलंय ते लिहा. हा एवढा एक प्रयोग केलात तरी पाण्याची खोली आणि जात ह्यांचं नातं कागदावर दिसेल.

मात्र पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच तळ्यातल्या दाट लव्हाळ्यात शिरू नका. जांभळी पाणकोंबडी तिथंच घरटी करते. बाहेरूनच बघा, कोवळे कोंब पायात धरून खाणारी पाणकोंबडी दिसली तर दुर्बिणीशिवाय पण मजा येते. आणि दांड्यांवर नजर फिरवा, पाण्याच्या वर वीतभर उंचीवर चतुराच्या अळीची रिकामी कात चिकटलेली असते, पाठीवर फाटलेली, पाय अजून दांड्याला घट्ट धरलेले. चतुर त्यातून उडून गेलेला असतो.

पाचवी जागा भाताची खाचरं, पाटण-जावळीकडं. इथं वर्षाचेच जास्त, पण तुलनेसाठी उत्तम, कारण बांधावर बारमाही आणि खाचरात वर्षाचे असे हाताच्या अंतरावर दोन्ही मिळतात.

आणि सहावी, कास. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची १२०० मीटरच्या आसपास, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. लोक फुलं बघायला जातात, बरोबरच आहे, पण फुलांच्या मधली जी हिरवी-तपकिरी बारीक झालर असते तिच्यात गवतांबरोबर लव्हाळे पण खूप असतात. वर जांभा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, पाणी खाली मुरत नाही म्हणून उथळ डबकी साचतात, आणि डबकं किती दिवस टिकतं त्यावर तिथं कोण राहणार हे ठरतं. एका ऑगस्टमध्ये मी वाटेवरच बसून हाताच्या अंतरावरचं एक परातीएवढं डबकं अर्धा तास बघितलं. मधोमध पाण्यात काडेपेटीच्या काड्या उभ्या केल्यासारखे इलिओकॅरिस ह्या बिनपानाच्या लव्हाळ्याचे दांडे, त्यांच्या बुडाशी सीतेची आसवं ही बारीक जांभळी फुलं, कडेच्या शेवाळावर दवबिंदू नावाच्या रोपाची लाल चिकट पानं, आणि बाहेरच्या कोरड्या कडेला फिम्ब्रिस्टायलिसचे तपकिरी ठिपके. सगळं एका परातीत. जवळपासच्या डबक्यात वायतुरा पण होता, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस.

कासवर काहीही उपटायचं नाही, तोडायचं नाही, वाट सोडून आत जायचं नाही. एक पाऊल चुकलं तर त्या बारीक मातीतलं आख्खं डबकं चिरडलं जातं. हंगामात ऑनलाईन बुकिंग आणि प्रवेश शुल्क असतं, शनिवार-रविवार टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा. खणायचं शिक्षण घरच्या बांधावर, बघायचं शिक्षण कासवर, अशी वाटणी करून टाका. आणि दगडावर हात टेकवण्याआधी बघा, कातळावर फुरसं असतं.

पायरी ५: तुरा वाचा

आता भिंग लागेल, दहा पटीचं, तीनशे-चारशेत मिळतं. लव्हाळ्याची फुलं म्हणजे पाकळ्या-बिकळ्या काही नाही, वाऱ्यावर पराग उडवणाऱ्याला पाकळीची गरज नसते. बारकी बारकी कणसं असतात, त्यावर खवले, आणि प्रत्येक खवल्याच्या पोटात एक फूल. गवतात फूल दोन खवल्यांच्या मध्ये असतं, इथं एकाच्या पोटात, हा फरक.

नवशिक्यानं सुरुवातीला जातीच्या नावामागं धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी घराणं ओळखा. कणीस चपटं आणि खवले दोन बाजूंना ओळीत, वेणीसारखे, तर शक्यतो सायपरस. खवले सगळ्या बाजूंनी गोल फिरत गेलेले, बारीक तपकिरी कणसं, तर फिम्ब्रिस्टायलिस धरून चाला. बिनपानाचा दांडा आणि अगदी टोकावर एकच कणीस, तर इलिओकॅरिस. बिनपानाचा दांडा पण कणसांचा झुबका टोकावर नसून मध्येच कुशीला फुटल्यासारखा, तर शीनोप्लेक्टस. ह्या शेवटच्यात फसगत होते, झुबक्याच्या वरचा भाग दांडा वाटतो पण तो खरं तर तुऱ्याखालचं पान असतं, सरळ उभं राहिलेलं. तळ्याकाठच्या एका शीनोप्लेक्टसचा दांडा बोटांनी दाबत खाली आलं की आतले आडवे पडदे एकेक करून जाणवतात, लहान मुलांना हे खूप आवडतं.

चार घराणी जमली की पुढचं सगळं बियांवर. पिकलेला दाणा तिधारी आहे का दोन्हीकडून फुगीर, गुळगुळीत आहे का जाळीदार, ह्यावर जाती ठरतात. म्हणून कोवळ्या तुऱ्यावरून नाव विचारू नका, कुणीच खात्रीनं सांगणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाणे पिकलेले मिळतात, तेव्हा जा.

पायरी ६: फोटो आणि नोंद

लोक एकच फोटो काढतात, तुऱ्याचा, तो पण हललेला. पाच काढा: जागेचा लांबून, पूर्ण रोपाचा, बुडाचा, आडव्या कापलेल्या दांड्याचा, आणि तुऱ्याचा त्याच्याखालची पानं दिसतील असा. बाजूला पट्टी नाहीतर दहाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं. वारा असेल तर तुऱ्यामागं हाताचा तळवा धरा, फोन बरोबर फोकस पकडतो. आयनॅचरॅलिस्टसारख्या ॲपवर टाकलं तर मदत होते, पण ॲप पहिलं जे नाव सुचवतं ते डोळे झाकून घेऊ नका, लव्हाळ्यांत ते खूप चुकतं.

स्वतःच्या रानातला नमुना वाळवून ठेवायचा असेल तर गाठी-मुळांसकट काढा, माती धुवा, लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन सारखा दुमडा, कापू नका. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वर जड पाटा नाहीतर विटा ठेवा आणि पेपर रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. पूर्ण वाळल्यावर साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्यानं शिवा.

गाठी उटण्यासाठी काढणार असाल तर सांडपाण्याच्या चरातल्या घेऊ नका, तणनाशक मारलेल्या रानातल्या तर नकोच. स्वच्छ बांधावरच्या काढा, धुवा, कडक उन्हात वाळवा, पोत्यात घालून घासल्या की वरचे केस निघतात, मग कुटून वस्त्रगाळ करा. आत्ती अजून तसंच करतात, ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्यावर पसरून. पोटात घ्यायचं औषध म्हणून मात्र वैद्याला विचारल्याशिवाय नको.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, गाव, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. किती बोटं पाणी होतं, वाहतं का साचलेलं, चिखल का कातळ, ऊन का सावली. ताज्या तुऱ्याचा रंग पण लिहा, वाळल्यावर सगळे तपकिरीच होतात. माझ्या वहीतली एक नोंद देते, अशी लिहिली तरी पुरते: "१४ सप्टेंबर, आमच्या रानाचा खालचा कोपरा, सरीत दोन बोटं साचलेलं पाणी, चार दिवस पाऊस नाही तरी. दांडा तिधारी, पेर नाही, पानं तीन दिशांना. तुरा तांबूस. खणलं, चार गाठींची माळ, चौथी वीतभर खोल. वास आला. वरच्या पाटाकडं बघायला पाहिजे."